निफाडची माणसं वेलचीच्या बागेत

द्राक्षबागाइतदाराला वर्षातून एकदाच खऱ्या अर्थाने फुरसत मिळते. एप्रिलची खरड छाटणी होऊन काडी पिकत आलेली असते आणि ऑक्टोबर छाटणीला अजून महिनाभर अवकाश असतो. म्हणजे श्रावणाची अखेर. नाशिकहून मी सहलींचे गट घेऊन जाते, त्यात निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडची ही मंडळी हमखास याच दिवसांत येतात आणि बहुतेकदा केरळच मागतात. 2024 सालचा गट मात्र निघेल की नाही, याचीच धाकधूक होती. 30 जुलैला वायनाडमध्ये दरडी कोसळून दोनशेहून अधिक माणसं दगावली होती. आमचा मार्ग मुन्नार आणि थेक्कडीचा, म्हणजे इडुक्की जिल्ह्यातला, वायनाडच्या खूप दक्षिणेला. तरी लोक घाबरणारच. मी रोज तिकडच्या गाडीवाल्याला फोन करून रस्ते विचारत होते. शेवटी गटातल्या सर्वांत वडीलधाऱ्या नानांनी निकाल दिला : "मॅडम, नोव्हेंबरात गारांनी आमचा अख्खा माल खाली पाडला. म्हणून आम्ही बाग सोडली का? रस्ता चालू असंल तर निघायचं."

मंगला एक्स्प्रेसने एर्नाकुलम, तिथून मुन्नार. एरविकुलम राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारावर निलगिरी ताहर, म्हणजे इथले रानबकरे, अगदी रस्त्याच्या कडेला चरताना दिसले, ढगांतून आनामुडीचं टोक क्षणभर डोकावलं. 2695 मीटर, दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर. चहाचे मळे पाहून सगळे खूष झाले. आमच्या आचाऱ्याने रात्री पिठलं-भाकरी केली. इथवर सगळं नेहमीसारखं. मला सांगायचंय ते कुमिळीच्या दिवसाबद्दल.

कुमिळी हे थेक्कडीला लागून, पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवरचं गाव. सकाळी आम्ही तलावातल्या बोटीत बसलो. हा तलाव 1895 साली पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणामुळे झाला. तेव्हा पाण्याखाली गेलेल्या झाडांची काळी खोडं आजही वर आलेली दिसतात आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. बोटीत मी लाइफ जॅकेटचा बंद प्रत्येकाच्या अंगावर स्वतः तपासते आणि प्राणी दिसला तरी कुणी जागेवरून उठायचं नाही, असं बजावते. 30 सप्टेंबर 2009 ला याच पाण्यात बोट उलटून 45 जण गेले. हे मी मुद्दाम सांगते. सहल म्हणजे सगळं गोडगोडच बोललं पाहिजे, असं मला वाटत नाही.

त्या सकाळी हत्ती दिसला नाही. दूर काठावर गवे आणि थोडी सांबरं, बस. पावसाळ्यात जंगलभर पाणी असतं, जनावरं तलावावर कशाला येतील? मंडळी जरा हिरमुसली. मग मी त्यांना इथल्या वाटाड्यांची गोष्ट सांगितली. या जंगलात रानदालचिनीची झाडं आहेत. तिची साल चोरून सोलून विकणाऱ्या टोळ्या होत्या. वनखात्याने त्यांच्यातल्याच माणसांची समिती केली, गुन्हेगारीचा रस्ता सोडायचा आणि जंगल राखायचं या बोलीवर. आज ही माणसं पर्यटकांना पायी जंगल दाखवतात आणि रात्री गस्तही घालतात. कुठून माणूस शिरतो, कुठे लपतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? वाघाच्या आकड्यांपेक्षा मला पेरियारचं हेच काम मोठं वाटतं. नाना बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "पोटाची सोय केली ना त्यांची, मग राखणारच."

दुपारच्या कार्यक्रमात मसाल्याची बाग होती. पर्यटकांसाठी रस्त्यालगत केलेल्या या बागा सगळ्या सारख्याच. मिरीचा एक वेल, वेलचीची दोन झुडपं, जायफळ, लवंग, व्हॅनिला, कोको, प्रत्येकाला पाटी, आणि शेवटी दुकान. माहिती देणारा मुलगा नम्र होता, हिंदीही चांगली बोलत होता. हिरवी, काळी आणि पांढरी मिरी एकाच वेलाची कशी, ते त्याने छान समजावलं. पण दहा मिनिटांत आमच्या लोकांनी त्याला घेरलं. एकरी झाडं किती? पहिलं पीक कितव्या वर्षी? मजुरी किलोवर की रोजावर? पाणी ठिबकने देता का? त्याला यातलं काही येत नव्हतं, आणि त्याचा काय दोष? त्याला पाट्या दाखवायला ठेवलं होतं. मोहाडीच्या एक काकू, ज्या घरी द्राक्षाच्या विरळणीची टोळी सांभाळतात, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, हे बघायला चांगलंय. पण इथं शेत कुठंय?"

आमचा ड्रायव्हर तिथलाच, हिंदी उत्तम. त्याने हे ऐकलं आणि सांगितलं की पुट्टडीच्या बाजूला त्याच्या बहिणीचं घर आहे, वेलचीचा मळा आहे, फोन करतो. संध्याकाळी कलरीच्या, म्हणजे केरळच्या युद्धकलेच्या, खेळाची तिकिटं काढलेली होती. मी सगळ्यांना विचारलं. एकही हात खेळासाठी वर झाला नाही.

बहिणीचे यजमान फाटकाशी उभे होते. ड्रायव्हरचे मेहुणे, म्हणून आमच्या मंडळींनी पाच मिनिटांत त्यांना 'दाजी' करून टाकलं आणि तेही त्या हाकेला ओ देऊ लागले. आत पाऊल टाकलं आणि उजेड एकदम कमी झाला. वर उंच झाडांची सावली, खाली डोक्याहून उंच वेलचीची बेटं. द्राक्षवाला घडाशी ऊन-वारा पोचावा म्हणून पानं विरळ करतो, इथे सावली टिकावी म्हणून जंगलाची झाडं जपतात, फक्त पावसाळ्याआधी त्यांच्या फांद्या छाटून उजेड बेताचा ठेवतात. त्या उन्हाळ्यात मात्र सावलीही कमी पडली होती. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये इडुक्कीत पाऊस फारच कमी झाला, तळी आटली, बेटंच्या बेटं वाळली. दाजींनी नवी लावलेली रोपं दाखवली. एक अख्खा उतार.

घराच्या बाजूला एक निळा ड्रम होता. नाना चालता चालता थांबले. त्यांनी जवळच्या पानावरून बोट फिरवलं, बोटाला आलेला निळसर थर पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मोरचूद."

दाजी म्हणाले, "बोर्डो."

त्यानंतर मला फारसं काही सांगावं लागलं नाही. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना, शंभर लिटर पाण्यात एकेक किलो, हेच बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या द्राक्षबागांत 1885 च्या सुमाराला डावणी या वेलीच्या रोगावर निघालेलं हे औषध निफाडलाही चालतं आणि या डोंगरातही. वेलचीची बोंडं पावसात कुजतात, तो रोग त्यांच्याकडे 'अळुकल', मिरीच्या वेलाची मर वेगळी, पण बुरशी त्याच कुळातली. ड्रममधलं मिश्रण नुकतंच कालवलेलं होतं. नानांनी खिशातून छाटणीचा चाकू काढला, पुसला, आणि विचारणाऱ्या नजरेने दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान हलवली. चाकू मिश्रणात बुडवून वर काढला, उजेडात धरला. पात्यावर तांबूस थर चढला असता, तर चुना कमी पडला असं समजायचं आणि तसं औषध मारलं की पान जळतं. पातं स्वच्छ निघालं. दाजी आत जाऊन स्वतःचा कोयता घेऊन आले आणि दाखवलं, आम्हीही असंच करतो. दोन वेगळ्या राज्यांतली, एकमेकांची भाषा न कळणारी माणसं लोखंडाच्या पात्याकडे बघत एकमेकांना शाबासकी देत होती. इतकी वर्षं गट नेतेय, पण माझ्या कामाचं इतकं समाधान मला क्वचितच मिळालंय.

पुढे बोलणं ड्रायव्हरमार्फत चाललं. मळ्यातली जात ञळ्ळाणी, आणि ती कुठल्या संशोधन केंद्राची नाही. इडुक्कीतल्याच सेबॅस्टियन जोसेफ या शेतकऱ्याने आपल्या मळ्यात काही बेटांवर मधमाश्या जास्त येतात, फळही जास्त धरतं, हे पाहून निवड करत करत ती तयार केली. हे ऐकल्यावर आमच्याकडून तास-ए-गणेशची गोष्ट निघाली. थॉमसन सीडलेसमधूनच तासगावकडच्या शेतकऱ्याने निवडून काढलेली ही जात नाशिकच्या किती घरांत पैसा घेऊन आली!

भट्टीघरात तर वेलचीच्या वासाने डोकं भरून गेलं. ओली बोंडं जाळीवर पसरून साधारण दिवसभर मंद आचेवर वाळवतात. पाच किलोंच्या आसपास ओला माल, तेव्हा एक किलो सुका. आच वाढली की हिरवा रंग जातो आणि रंग गेला की भाव गेला. बेदाणा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चार किलो द्राक्षं, एक किलो बेदाणा, तोही हिरवा राहिला तरच. मग चाळणीने आकार. आठ मिलिमीटरचा दाणा वरचा. आमच्याकडे निर्यातीच्या द्राक्षाला अठरा मिलिमीटर लागतो, हे ऐकून दाजी मोठ्याने हसले.

भावाचा विषय नानांनी काढला. ऑगस्ट 2019 मध्ये पुट्टडीच्या मसाला बोर्डाच्या लिलावात किलोला सात हजारांची बोली लागली होती. आदल्या वर्षीच्या महापुराने माल नव्हता, त्या भावाने सगळ्यांनी लावणी वाढवली, आणि दोन वर्षांत भाव हजाराच्या खाली. कांद्याच्या पट्ट्यातल्या माणसांना हे कुणी उलगडून सांगायला नको होतं. त्या आठवड्यात भाव दोन हजारांच्या आसपास होता, पण विकायला माल कुठे होता? तो उन्हाळ्यात वाळलेला.

फवारणीवर मात्र आवाज खाली आले. जानेवारी 2023 मध्ये शबरीमलाच्या अरवणा प्रसादातल्या वेलचीत कीटकनाशकाचे अंश सापडले आणि उच्च न्यायालयाने त्याची विक्री थांबवली. दाजी म्हणाले, त्या दिवसांत आमच्या मालाकडे लोक संशयाने बघायचे. नाना म्हणाले, आमचं 2010 मध्ये झालं. वाढरोधकाचे अंश सापडल्याने युरोपने द्राक्षाचे कंटेनर नाकारले, कर्ज काढून बाग उभी केलेले अनेक जण त्यात बुडाले. तेव्हापासून निर्यातवाला प्रत्येक फवारणी वहीत मांडतो. नानांनी मोबाइलमध्ये वहीच्या पानांचे फोटो दाखवले. दाजी एकेक रकाना बोटाने धरून विचारत गेले आणि शेवटी म्हणाले, हे मला पाठवा.

एवढ्यात काकू कुठेच दिसेनात. सापडल्या त्या मळ्यात, तोडणीच्या बायकांमध्ये बसलेल्या. वेलचीची बोंडं झाडावर वर नसतात. बुडातून निघालेल्या लांब देठांवर, जमिनीलगत लागतात. म्हणून ओल्या मातीत बसून, सरकत सरकत तोडायचं. तीही सगळी एकदम नाही. बोंड वरून हिरवं, पण आतलं बी काळं झालेलं, एवढंच घ्यायचं, कोवळं ठेवायचं, दीडेक महिन्याने पुन्हा त्याच बेटाशी यायचं. काकूंना हे शब्दांनी कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या बाईने एक बोंड फोडून दाखवलं होतं, पुरे. या बायका रोज पहाटे तामिळनाडूतल्या कंबमकडून जीपमध्ये दाटीने बसून घाट चढतात आणि संध्याकाळी उतरतात. पेठ-सुरगाण्याहून पिकअपमध्ये उभ्याने येणाऱ्या आपल्या टोळ्यांची आठवण काकूंना न येती तरच नवल. त्यांनी ड्रायव्हरला पहिला प्रश्न मजुरीचा नाही, मुलं कुणाकडे ठेवता, हा विचारायला लावला. उत्तर आलं : सासूकडे.

एकीने पूर्वी चिन्नक्कनालच्या मळ्यात काम केलं होतं. अरिकोम्बन नावाचा तिथला हत्ती घरं आणि दुकानं फोडून तांदूळ खायचा. एप्रिल 2023 मध्ये त्याला बेशुद्ध करून पेरियारच्या जंगलात आणून सोडलं. त्या हत्तीच्या भीतीने रात्र रात्र जागल्याचं ती सांगत होती, आणि सकाळी त्याच जंगलात हत्ती दिसला नाही म्हणून आम्ही खट्टू झालो होतो. काकूंनी तिला उसातल्या बिबट्याचं सांगितलं. निफाड तालुक्यात आज बिबट्या नवीन नाही, पहाटे पाणी धरायला जाणारा माणूस बॅटरी आणि काठी घेऊनच जातो. जंगल राखायलाच हवं, यावर माझं दुमत नाही. पण राखीव जंगलाच्या कडेला राहणाऱ्याची रात्र कशी जाते, हे ऐकल्याशिवाय तिथून परतणाऱ्याने अभयारण्य पाहिलं असं मी म्हणणार नाही.

निघताना दाजींच्या घरून चहा झाला. आमच्या आचाऱ्याने शिधापेटीतून बेदाण्याची पुडकी काढून दिली, तिकडून वेलची आली. पैसे घ्यायला दाजी तयार नव्हते, पण माल कष्टाचा आहे म्हणून नानांनी लिलावाच्या भावाने हिशोब करून ते त्यांच्या हाती ठेवलेच.

त्यानंतर मी कार्यक्रमाचा कागद बदलला. शेतकऱ्यांचा गट असेल तर कुमिळीत पाट्यांची बाग नसते, आधी बोलणं करून एखाद्या खऱ्या मळ्यात अर्धा दिवस, आणि त्या घराला त्याचे पैसे.

पुढच्या फेब्रुवारीत दाजी आणि ड्रायव्हरची बहीण नाशिकला आले. काढणी ऐन भरात होती. मी त्यांना नाशिकरोड स्टेशनवरून नानांच्या मळ्यावर पोचवलं. घड बघण्याआधी दाजींनी पिशवीतून एक वही काढली. अक्षर मल्याळम, रकाने मात्र नानांच्या वहीचे : तारीख, औषध, प्रमाण, फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं. औषधांची नावं त्यांच्या मुलाने शेजारी इंग्रजीत लिहून दिली होती. नानांनी चष्मा लावला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली, हे नको. दाजींनी का म्हणून विचारलं. नानांचा नातू हिंदीत समजावून सांगायला लागला. मला दुपारच्या गाडीने दुसरा गट न्यायचा होता, मी निघाले.