दोऱ्याशिवायची टीप

2019 चा ऑगस्ट. आमच्याकडे, साताऱ्याच्या पश्चिमेला, पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नाही. पटांगणात चिखल, व्हरांड्यात गळणाऱ्या छत्र्या आणि आत मोठ्या गटाची एकतीस पोरं. एक मी आणि एक आमच्या मावशी. तास लेखनाचा.

चार-पाच वर्षांच्या मुलांना 'लेखनाचा तास' असतो, हे आज लिहिताना जरा अवघडायला होतं. तेव्हा होत नव्हतं. बालवाडीत बारा वर्षं काढली होती. जूनमध्ये दोन-रेघी वही, दिवाळीपर्यंत स्वर, मार्चपर्यंत व्यंजनं, हे अंगवळणी पडलं होतं. संस्थेला ते हवं होतं आणि पालकांना तर हवंच होतं. अमक्या शाळेत छोट्या गटालाच लिहायला लावतात, मग आपल्यात का नाही, असं दर पालकसभेत कुणीतरी विचारायचंच.

त्या दिवशी 'अ' चालला होता. 'अ' पहिला का, तर वर्णमालेत पहिला म्हणून. हाताला विचाराल तर तो म्हणेल, हे अक्षर शेवटी द्या. आधी तीनच्या आकड्यासारखी दोन पोटं, मग आडवी रेघ, मग काना, मग डोक्यावरची रेघ. चार वेळा पेन्सिल टेकवायची आणि चारही वेळा नेमक्या जागी. मूल साधारण तीन वर्षांचं झालं की गोल काढतं, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह, पाचच्या आसपास चौकोन, आणि त्रिकोण त्याच्याही नंतर. बालवाडीच्या कोर्सला हे मी पाठ केलं होतं, पेपरातही लिहिलं होतं. वर्गात येऊन मात्र पहिल्याच महिन्यात 'अ' गिरवायला दिला.

बाळ्या (घरचं नाव आहे, तेवढंच लिहिते) तेव्हा चार वर्षं आठ महिन्यांचा. पेन्सिल मुठीत धरायचा, पेचकस धरावा तशी. लिहिताना बोटं हलायचीच नाहीत, हलायचा तो खांदा. जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर, आणि दोन ओळींत एकदा टोक मोडणार हे ठरलेलं. त्यानं तीन 'अ' काढले. पहिला कसाबसा रेघांत बसला, दुसरा बाहेर सांडला, तिसऱ्याला कागद फाटला. मी म्हणाले, "पुन्हा काढ," आणि पलीकडच्या मुलीचा हात हातात धरून तिच्याकडून गिरवून घ्यायला वळले. माझी पाठ बाळ्याकडे.

कोपऱ्यात सतरंज्यांच्या गुंडाळ्या रचलेल्या होत्या, माझ्या कमरेएवढ्या. तो त्यावर चढला आणि त्यानं उडी टाकली. धप्प असा आवाज आला आणि मग काहीच नाही. बालवाडीत राबलेल्या कुणालाही विचारा, पडल्या पडल्या भोकाड पसरलं तर जीव भांड्यात पडतो. शांतता वाईट. मी वळले तेव्हा तो उजवं मनगट डाव्या हातात धरून बसला होता आणि मला म्हणाला, "बाई, आता मी लिहू नको ना?"

ते वाक्य मी पुढं बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

मावशींवर वर्ग टाकला, बाळ्याला रेनकोटात गुंडाळलं आणि रिक्षानं दवाखाना गाठला. त्याच्या आईला फोन केला होता. ती शिलाईकाम करते. गळ्यात मोजमापाची टेप तशीच, छत्रीही न घेता आली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

एक्स-रे झाला. डॉक्टर तरुण होते, शांत. फिल्म त्यांनी पाठीमागून उजेड असलेल्या पेटीवर लावली आणि आम्हाला जवळ बोलावलं. "पूर्ण मोडलं नाहीये. लहान मुलांचं हाड बऱ्याचदा कडकन तुटत नाही, दाबलं की असं फुगतं." त्यांनी बोट ठेवलं तिथं, मनगटाच्या जरा वर, हाडाच्या कडेला बारीकशी घडी पडल्यासारखी दिसत होती. तीन आठवडे प्लॅस्टर, मग सगळं ठीक.

माझं लक्ष मात्र त्या घडीच्या पुढं गेलं होतं. बोटांची हाडं स्पष्ट होती, हाताची दोन लांब हाडं स्पष्ट होती, आणि त्यांच्यामध्ये, जिथं मनगट असायला हवं, तिथं जवळजवळ अंधारच. त्या अंधारात चार वाटोळे ठिपके, मुगाच्या दाण्यांसारखे सुटे सुटे. मला वाटलं, सगळं चुरा झालंय. तोंडाला कोरड पडली.

"डॉक्टर, हे मधलं कुठं गेलं?"

ते हसले. "कुठं गेलं नाही मॅडम, अजून यायचंय. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. या वयात ती बरीचशी कूर्चाच असते, कानाच्या वरच्या भागासारखी मऊ. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. वर्ष-दीड वर्षाला एखाद-दुसरं हाड दिसायला लागतं. शेवटचं तर नऊ-दहाव्या वर्षाच्या आसपास."

मी पेटीपुढं उभी राहून मोजले. चारच.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पालकसभा होती. माझ्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. याच्यासारखा पुरावा नाही! सभेत ही फिल्म दाखवायची आणि म्हणायचं, बघा, मनगटात हाडंच नाहीत आणि तुम्ही म्हणता लिहायला लावा. मी बाळ्याच्या आईला विचारलं, फोटो काढू का. ती नुसतीच मान हलवून हो म्हणाली. मग डॉक्टरांना बेत सांगितला, तर त्यांनी मलाच थांबवलं.

"असं सांगू नका. हाड दिसत नाही म्हणजे हात दुबळा, असं नसतं. कूर्चा तिचं काम करत असते. हाच मुलगा झाडाला लोंबकळतो की नाही? लिहायला लागतं ते बोटांच्या लहान स्नायूंचं काम, डोळ्याची आणि हाताची जुळणी, आणि सराव. ती तयारी हळूहळू होते, इतकं खरं. पण ती या फोटोत दिसत नाही."

मी खट्टू झाले. इतका देखणा पुरावा हातात आला होता आणि तो चालत नव्हता. आजही समाजमाध्यमांवर मनगटाचे असे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून 'म्हणून मुलांना लिहायला लावू नका' असं फिरत असतं, तेव्हा मला ते डॉक्टर आठवतात. सांगायची गोष्ट बरोबर असते, कारण चुकलेलं असतं.

संध्याकाळी बाळ्याच्या घरी गेले. जाणं भागच होतं. खोलीच्या निम्म्यात मशीन, निम्म्यात चूल. बाळ्या डाव्या हातानं शेव खात टीव्ही बघत होता, उजवा हात पांढरा आणि ऐटीत. मशीनवर गल्लीतली एक मुलगी बसली होती, सतरा-अठराची, शिकायला येणारी. तिच्यासमोर कापड नव्हतं. वहीचा फाडलेला, रेघा आखलेला कागद होता आणि सुईत दोरा नव्हता. ती पायानं मशीन चालवत त्या रेघेवरून कागद सरकवत होती. कागदावर नुसती भोकं पडत होती. सरळ चाललेली भोकांची रांग मध्येच रेघ सोडून तिरकी व्हायची, मग ती थांबायची, कागद मागं घ्यायची.

आईनं चहा ठेवला आणि मग बोलली. "हात काय, बरा होईल बाई. पोरं पडतातच. पण तीन आठवडे लिहिणं बुडणार त्याचं काय? आधीच मागं आहे तो."

मी उत्तर शोधत होते आणि बघत होते त्या कागदाकडे. विचारलं, "हिला दोरा का नाही दिला?"

"आत्ताशी आठवा दिवस आहे तिचा. पाय आणि हात एकत्र बसले नाहीत अजून. आधी कागदावर सरळ, मग गोल, मग कोपरा. दोरा दिला की लक्ष दोऱ्यातच जातं, गुंता होतो, मग रडतात आणि यायच्या बंद होतात."

"किती दिवस लागतात?"

"कुणाला पंधरा दिवस, कुणाला महिना. हात बसला की मग काय, पुढं दोन दिवसांत झबलं शिवतात."

मी म्हणाले, "ताई, तुमच्या बाळ्याला आम्ही जूनमध्येच दोरा दिला."

ती पातेल्यातला चहा गाळत होती. गाळणी तशीच धरून थांबली. मग त्या मुलीला म्हणाली, "तू चालू ठेव गं," आणि माझ्यासमोर येऊन बसली.

एका वाक्यात तिला पटलं, असं सांगितलं तर खोटं होईल. तिनं चांगलं अर्धा तास मला उभं-आडवं घेतलं. बाकीची पोरं लिहितात ती कशी मग? लिहितात, पण निम्म्याहून जास्त अक्षराचं चित्र काढतात, वाचता येत नाही, मी सांगितलं. पहिलीत घेताना परीक्षा घेतात त्याचं काय? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं तशी परीक्षा घ्यायला मनाई आहे, मी सांगितलं. "कायदा असेल," ती म्हणाली, "पण 'जरा गप्पा मारतो' म्हणून आत नेतात आणि पाटी पुढं करतात, ते तुम्हालाही माहितीय." मला माहीत होतं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

शनिवारच्या सभेत मी एक्स-रे दाखवला नाही. बाळ्याच्या आईला विचारलं, ती मुलगी आणि तो कागद आणता येईल का. मुलगी लाजली, आली नाही, कागद आला. तो हातोहात फिरला. एक वडील, शिकलेले, म्हणाले, मॉन्टेसरीत तर चार वर्षांची मुलं लिहितात. बरोबर होतं त्यांचं. 1907 मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत मारिया मॉन्टेसरीबाईंनी पहिलं बालघर काढलं आणि तिथली मुलं लहान वयातच लिहायला लागली. पण त्याआधी त्यांनी गुंडी चिमटीत धरून लाकडी दट्टे उचलले-बसवले होते, आकृतीच्या कडेनं पेन्सिल फिरवली होती, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटं फिरवली होती. म्हणजे तिथंही कागदावर भोकं पाडण्याचं काम आधी झालेलंच होतं. इतकं महागडं साहित्य आपल्याकडे कुठून, असं कुणी विचारायच्या आत मी बोर्डीचं सांगितलं. 1945 पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तिथं आणि पुढं कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवत होत्या, ती बिया, पानं, शंख-शिंपले यांच्यावर.

मुख्याध्यापिकाबाईंनी शेवटी तडजोड काढली. पाच वर्षं पूर्ण न झालेल्यांना दिवाळीपर्यंत वही नाही. दिवाळीनंतर बघू.

मग वर्गात काय केलं? फार थोर काही नाही. पावट्याच्या शेंगा आल्या, त्या सोलल्या. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, काढायचे. शाडूच्या गोळ्या वळायच्या. पाण्यात बुडवलेल्या बोटानं फरशीवर रेघा ओढायच्या, सुकायच्या आत. खडूचे मोठे तुकडे मी मुद्दाम मोडून बारीक केले. बारीक तुकडा मुठीत मावत नाही, चिमटीतच धरावा लागतो. (ही युक्ती मावशींची. पगार माझ्या निम्मा.) अक्षरं आलीच, पण 'अ' नाही. आधी 'ट', मग 'ग', 'म', 'र', आणि तीही दोन फूट उंचीची, भिंतीवरच्या फळ्यावर, अख्ख्या हातानं.

बाळ्या तीन आठवडे रिकामा. हातानं काही करता येईना, तर तोंड सुटलं. ठोकळे बाकीच्यांनी रचायचे, हा मुकादम. "तो खाली मोठा ठेव ना, छोट्यावर मोठा पडंल!" चित्रं डाव्या हातानं काढायचा आणि मला सांगायचा, बाई, खाली लिहा. मी तो बोलेल तसं, त्याच्याच शब्दांत लिहायची. एका चित्रात नुसते चार गोळे होते. खाली लिहायला सांगितलं, "हे माझ्या हातातले मूग आहेत. ते मोठे व्हायलेत." दुसऱ्या दिवशी चित्रांची वही उघडून त्यानं त्या ओळीवर बोट ठेवून तेच वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. वाचता येत नव्हतं त्याला. पण ती ओळ आपली आहे आणि ती उद्याही तेच बोलणार आहे, एवढं त्याला कळलं होतं. बारा वर्षांत 'अ' गिरवून हे कुणाला कळल्याचं मी पाहिलं नव्हतं.

प्लॅस्टर निघालं तेव्हा मनगट आखडलेलं होतं. आईनं एक डबा भरून जुनी मोठी बटणं, नाडी आणि नाडी घालायची बोथट सुई पाठवली. तो डबा अजून माझ्या कपाटात आहे, दरवर्षी निघतो. वही मात्र दिवाळीनंतर आलीच. तडजोड तेवढीच होती. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाली आणि सगळंच राहिलं.

बाळ्या आता पाचवीत गेला. परवा बाजारात दोघं भेटले. मी विचारलं, अक्षर कसं आहे? त्याची आई हसायलाच लागली. "कोंबडीचे पाय, बाई. गुरुजी रोज ओरडतात." मग पिशवीतून एक ब्लाउज काढून त्याची हुकपट्टी मला उलटी करून दाखवली. "पण ही हुकं त्यानं लावलीत. बघा, एक तरी वाकडं आहे का."