क्लॉइस्टर्समधलं राणीचं इवलंसं पुस्तक

नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीने डोकं उठलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते क्लॉइस्टर्सबद्दल. न्यूयॉर्कच्या ए ट्रेनने मॅनहॅटनच्या पार वरच्या टोकाला जायचं, बागेतून चालत गेलं की युरोपातल्या जुन्या मठांचे दगडी भाग आणून बांधलेलं हे म्युझियम लागतं.

तिथल्या ट्रेझरीत फ्रान्सची राणी झान देव्हरो हिचं प्रार्थनापुस्तक आहे. पॅरिसच्या झाँ प्युसेलने १३२४ ते १३२८ च्या दरम्यान रंगवलेलं आणि आकार पत्त्याच्या पानाएवढा! जवळजवळ सगळं राखाडी छटांमधे, रंग अगदी हलक्या हाताने लावलेले. उघडलेल्या जोडपानावर डावीकडे येशूचाच शिष्य यहूदा त्याचं चुंबन घेऊन त्याला पकडून देतोय आणि उजवीकडे देवदूत मरीयेला सांगतोय की तुला मुलगा होणार. म्हणजे बाळाची चाहूल लागतेय तेव्हाच त्याचा शेवट समोरच्या पानावर. माझ्या तर पोटात कालवलं. आणि देवदूताच्याच पानावर, डी अक्षराच्या पोटात, स्वतः राणी गुडघे टेकून पुस्तक वाचत बसलीय! रोज प्रार्थनेला बसायची तेव्हा स्वतःलाच बघत असणार ना ती. तिचा नवरा चार्ल्स राजा १३२८ मधे गेला, त्यानंतर ही विधवा राणी ४० वर्षांहून जास्त जगली, पुस्तक शेवटपर्यंत तिच्याकडेच होतं.

खाली समासात दोन माणसं बोकड आणि एडक्यावर बसून एका पिंपावर भाले घेऊन धावतायत. एवढ्या गंभीर प्रसंगाखाली हे काय असं आधी वाटलं, पण मला आवडलं, भक्तीच्या पुस्तकात खेळ, थट्टा सगळं सामावून घेतलंय. अशा जवळजवळ ७०० आकृत्या आहेत म्हणे समासांमधून.

राग एकाच गोष्टीचा आला, लोक मोबाईल काचेला टेकवून फोटो काढायचे आणि चित्राकडे न बघताच पुढे जायचे, त्यात एवढंसं पान, ते जवळून बघायला मिळायला मला तिष्ठत उभं राहावं लागलं. जाणार असाल तर वीकएंडला जाऊच नका.

पेटीत अर्थात एकच जोडपान दिसतं. बाकीची रात्री पुतण्याकडे लॅपटॉपवर म्युझियमच्या साइटवर बघितली, सूनबाई जेवायला हाका मारत होती तरी उठवेना. येशूच्या जन्मासमोर चाबकाचे फटके, तीन राजे बाळाला भेटायला येतात त्याच्यासमोर क्रूस. पुढेही तसंच, बाळाला घेऊन इजिप्तला पळतायत आणि समोरच्या पानावर त्याला थडग्यात ठेवतायत.