आतल्या बाजूचं भोक

ट्यूब हातात आली की मी पहिल्यांदा भोक कुठल्या अंगाला आहे ते बघतो. टायरच्या अंगाला असेल तर काटा, खिळा, तार, म्हणजे रस्त्याचा दोष. शेजारीशेजारी दोन भोकं असतील, साप चावल्यासारखी, तर हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आपटलं. आणि भोक आतल्या बाजूला, रिमच्या अंगाला असेल, तर रस्त्याचा काही संबंध नाही. तो चाकाचा दोष, म्हणजे ज्यानं चाक शेवटचं उघडलं त्याचा.

चोर्ला घाटात सरांच्या पुढच्या चाकातून मी जी ट्यूब काढली तिचं भोक आतल्या बाजूला होतं. ते चाक शेवटचं मी उघडलं होतं, आदल्या रात्री कणकुंबीत.

माझं बेळगावात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी तासावर भाड्यानं सायकली द्यायचो, आता गिअरच्या सायकली येतात. एक लाखाची, दोन लाखांची सायकल माझ्या स्टँडवर चढते. हिवाळ्यात बेळगावचा एक ग्रुप डोंगरातून समुद्रापर्यंत चार दिवसांची राइड काढतो आणि मिस्त्री म्हणून मी मागच्या गाडीत असतो. या वर्षीचा रस्ता असा: पहिल्या दिवशी बेळगाव, खानापूर, जांबोटी, कणकुंबी. दुसऱ्या दिवशी चोर्ला घाट उतरून साखळी. तिसऱ्या दिवशी डिचोली, दोडामार्ग, बांदा. चौथ्या दिवशी रेडी, शिरोडा, वेंगुर्ला.

बाहेरच्या माणसाला वाटतं मिस्त्रीचं काम राइडमध्ये असतं. खरं काम निघण्याच्या आदल्या दिवशी असतं. चेन किती ताणली ते गेज घालून बघायचं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढंमागं हलवायची, हँडलच्या कपात कट्कट् झाली की छर्रे-कोन, म्हणजे आतलं बेअरिंग, सैल. चाक आऊट असेल, म्हणजे फिरताना डावीउजवीकडे डोलत असेल, तर आऊट काढायची. आणि ब्रेकची रबरं. हे काम मी कुणाला करू देत नाही. रबर रिमवर घासतं तेव्हा रिमच्या ॲल्युमिनियमचे बारीक कण त्यात रुतून बसतात, आणि मग तेच कण रिम खातात. रबर काढून उजेडात तिरकं धरलं की चांदीसारखं चमकतं. सुईनं एकेक कण उकरून काढायचा, नंतर पॉलिश पेपरवर रबर चार वेळा ओढायचं. एका सायकलीला वीस मिनिटं जातात. गिऱ्हाइकाला त्यातलं काही दिसत नाही आणि त्याचे पैसेही मला मागता येत नाहीत. खरं घाटात त्या रबराची किंमत कळते.

या वर्षी चौदा सायकली होत्या. ग्रुपचा म्होरक्या तरुण आहे, मनानं चांगला, सायकल उत्तम मारतो. त्यानं मला दोन तास दिले. "मिस्त्री, बऱ्याच सायकली मोठ्या दुकानातून सर्व्हिसिंग करून आल्यात. स्टिकर बघा की. त्या उघडू नका, वेळ जातोय." सरांच्या सायकलीवर असा स्टिकर होता. मी ब्रेक बघितले, चेन बघितली, आऊट बघितली. चाक उघडलं नाही.

सर म्हणजे खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलातून भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वय एकसष्ट. सायकल पुण्यातल्या भाच्याची, जुनी रोड सायकल, रिमवर घासणाऱ्या ब्रेकची. सगळ्यांत हळू सरच, त्यामुळे माझी गाडी दिवसभर त्यांच्या मागं, आणि आम्ही बोलत बोलत गेलो.

कणकुंबीला पोचल्यावर बाकीचे चहाकडे वळले आणि सर आधी मलप्रभेच्या उगमाकडे गेले. मलाही नेलं. कुंडाशी उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, इथून समुद्र जवळ आहे, पश्चिमेला. खरं ही नदी समुद्राकडे पाठ करून पूर्वेला जाते. ३०४ किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि पाणी पार बंगालच्या उपसागरात. आणि ह्याच आपल्या तालुक्यातली म्हादई बघा. ती घाट उतरून गोव्यात जाते, मांडवी होऊन पणजीला समुद्रात. एका तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांना. तीस वर्षं मी हे फळ्यावर खडूनं काढून दाखवलं. म्हटलं एकदा ती उतरंड आपल्या चाकाखाली बघावी."

आमच्या बाजूनं चोर्ल्याला मोठा चढ नाही हेही त्यांनीच समजावलं. बेळगाव साडेसातशे मीटरवर आणि घाटमाथा आठशेच्या आसपास, म्हणजे आपण आधीच माडीवर राहतो आणि चोर्ला हा खाली उतरायचा जिना आहे. मी त्या रस्त्यानं गाडीतून शंभर वेळा गेलोय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

रात्री आठला सरांचं पुढचं चाक बसलेलं दिसलं. बारीक तार टायरमध्ये घुसली होती. त्याआधी माझ्या हातून पाच कामं झाली होती: एकाचा मागचा गिअर लटकतो तो हँगर वाकलेला, एकाची गिअरची केबल तुटलेली, आणि असंच. अंगणात थंडी, खाली जांबोटीच्या रस्त्याची लाल धूळ, उजेड मोबाइलच्या टॉर्चचा. टायर एका बाजूनं सोडला, ट्यूब काढली, तार पकडीनं ओढून घेतली. आणि रिमची पट्टी दिसली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डबल वॉलच्या, म्हणजे दुहेरी भिंतीच्या, रिमला आतून मोठी भोकं असतात, त्यातून स्पोकचं निपल, म्हणजे स्पोक आवळायचा छोटा नट, घालायचं असतं. ट्यूबला त्या भोकांवर उघडं बसवता येत नाही, म्हणून मधे एक पट्टी येते. चांगली पट्टी कापडी असते, जाड, खाली डिंक, रिमच्या आतल्या गादीच्या पूर्ण रुंदीची. सरांच्या रिमला पातळ प्लॅस्टिकची होती, नुसती रबरबँडसारखी ताणून बसवलेली आणि रुंदीला कमी. एका ठिकाणी ती बाजूला सरकली होती आणि भोकाची कड चंद्रकोरीसारखी उघडी पडली होती. मोठ्या दुकानाच्या स्टिकरखाली ही पट्टी. सायकलीवर लाख रुपये घालतील आणि शंभर-दीडशेच्या पट्टीला हात आखडतील, हे मी रोज बघतो, आणि रोज माझा जीव जळतो.

कापडी टेप माझ्याकडे होती. गाडीत पेटीच्या तळाशी होती, वर सगळ्यांच्या बॅगा, आणि गाडीची चावी घेऊन ड्रायव्हर जेवून झोपला होता. त्याला उठवणं एवढंच काम. मी अंगठ्याच्या नखानं पट्टी भोकावर सरकवली, नवी ट्यूब घातली आणि हवा भरली. मनात म्हटलं, उद्या साखळीला बदलू.

साखळी घाटाखाली आहे. बदलायची तर घाटाच्या आधी बदलायची असते. हे मला त्या रात्रीही माहीत होतं.

सकाळी धुकं होतं. घाटाच्या तोंडाशी मी सगळ्यांना सांगितलं की ब्रेक धरून ठेवू नका. दाबायचा, वेग तोडायचा, सोडायचा. पुढचा, मागचा, पुढचा, मागचा. धरून ठेवला की रिम तापते, तापलेली हवा आत फुगते. सरांना हे आदल्या दिवशी जांबोटीतही सांगितलं होतं. त्यांच्या ट्यूबमधली हवाही थोडी उतरवूया म्हणालो. "राहू दे की मिस्त्री, पळते चांगली." मी आग्रह केला नाही. उतारावर तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटं थांबा, हे म्होरक्याला आठवडाभर सांगत होतो. "लय तुटते" म्हणाला. दरीचा फोटो काढायला हीच माणसं दहा-दहा मिनिटं थांबली. सर थांबले नाहीत, मागं राहतील या भीतीनं.

सरांच्या पुढं एक भरलेला टेंपो होता. त्याच्या मागं मागं, वळणावळणानं ते उतरत होते आणि दोन्ही हात ब्रेकवर आवळलेले. मी मागच्या गाडीतून बघत होतो. हॉर्न दिला, हात बाहेर काढून 'सोडा सोडा' केलं. ते मागं बघू शकत नव्हते.

बार झाला तेव्हा मला वाटलं टेंपोचाच टायर. मग सरांची सायकल डावीकडे ओढली गेली आणि ते डोंगराच्या अंगाला गटारात आडवे झाले. दरीच्या अंगाला नाही. हे शब्द मी त्या दिवसापासून कितीदा मनात म्हटले असतील.

शुद्धीवर होते. हेल्मेटला चीर गेली होती. डावा खांदा खाली लोंबलेला आणि गळ्याजवळ हाड वर आलेलं. आम्ही कुणी खांदा ओढला नाही, माझ्या गमछानं हात छातीशी बांधला आणि गाडीत बसवलं. फोनला रेंज नव्हती, म्हणून थांबण्यात अर्थ नव्हता. खाली साखळीला नेलं. कॉलरबोन मोडली होती, बाकी खरचटलेलं.

निघण्याआधी सायकल उचलायला मी गटारात उतरलो होतो आणि पुढच्या रिमला बोट लावलं होतं. चटका बसला, तव्याला लागल्यासारखा. बोटावर पांढरा डाग दोन दिवस राहिला.

ट्यूब मी दुपारी दवाखान्याबाहेर काढली. आतल्या अंगाला हरभऱ्याएवढा गोल उठलेला होता, कंपासनं काढल्यासारखा, आणि त्याच्या मधोमध तीन फाट्यांची चीर. प्लॅस्टिकची पट्टी उष्णतेनं मऊ पडून बाजूला गेली होती. ट्यूब फुगून स्पोकच्या भोकात शिरली, आणि भोकाच्या कडेनं ती कापली. गोलाच्या शेजारी पट्टीवर माझ्या नखाची खूण होती. तेच भोक.

म्होरक्या म्हणाला, "तुमचा काय दोष मिस्त्री, सरांना ब्रेक मारायला येत नाही." मला ते आवडलं नाही. पडलेल्या माणसावर ढकलून मोकळं व्हायचं, ही सवय वाईट.

सरांचा मुलगा बेळगावहून येऊन त्यांना घेऊन गेला. बाकीचे पुढं गेले आणि मीही गेलो, तेरा सायकली माझ्या जबाबदारीवर होत्या. साखळीच्या रात्री तेराही सायकलींची चाकं उघडली, पुढची आणि मागची, सव्वीस. आणखी तीन सायकलींना तसलीच पट्टी निघाली, त्या तिघांवरही स्टिकर. पहाटे अडीचपर्यंत टेप लावत बसलो. आता पुढं घाट नव्हता, त्याची फारशी गरज नव्हती. खरं झोप येणारच नव्हती.

दोडामार्ग, बांदा यातलं मला फारसं आठवत नाही. शिरोड्याला म्होरक्यानं १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं चार वाक्यांत सांगितलं. सर असते तर तासभर सांगितलं असतं. आरवलीला वेतोबाच्या देवळात नवसाच्या मोठ्या मोठ्या चपला ठेवलेल्या बघितल्या. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक नव्या वाहतात. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. झिजलेलं वेळेत बदलायचं, एवढं ते गाव पिढ्यानपिढ्या विसरलेलं नाही. वेंगुर्ल्याला सगळ्यांनी पुढचं चाक समुद्रात बुडवलं. सरांची सायकल गाडीच्या टपावर बांधलेली होती. तिचं चाक बुडवूया असं एक जण म्हणाला, मी नको म्हटलं.

तीन आठवड्यांनी सर दुकानात आले. हात झोळीत, दुसऱ्या हातात कुंद्याचा डबा. "तुम्ही होता म्हणून वाचलो" म्हणाले. डबा घेणं मला जमेना. मी ड्रॉवरमधून ट्यूब आणि पट्टी काढून काउंटरवर ठेवली आणि सगळं सांगितलं. कणकुंबीचं अंगण, नखाची खूण, झोपलेला ड्रायव्हर.

ते रागावले नाहीत. वहीतलं उत्तर तपासावं तसे विचारत गेले.

"त्या रात्री टेप लावली असती तर?"

"फुटली नसती, सर."

"मी ब्रेक सोडत सोडत उतरलो असतो तर?"

मला थोडा वेळ लागला. "तरी बहुतेक नसती फुटली."

"आणि हवा कमी केली असती तर? आणि मोठ्या दुकानानं धड पट्टी घातली असती तर?"

मी गप्प बसलो. ते मला सोडवायला हे बोलत होते की खरंच त्यांचं मत तसं होतं, अजून मला ठरवता येत नाही. चार जणांनी चार गोष्टी चुकवल्या हे खरं आहे. खरं त्या चारांतला पगारी माणूस एकटा मी होतो, आणि भोक उघडं बघितलेलाही एकटा मीच.

चाक स्टँडवर होतं. कापडी टेप काढली, व्हॉल्व्हच्या भोकाशी सुरुवात केली. सर उठून जवळ आले आणि चांगल्या हाताचा अंगठा टेपच्या टोकावर दाबून धरला. मी ताण देत ओढत गेलो, एकेक भोक झाकत, बत्तीस. फिरून पुन्हा व्हॉल्व्हशी आलो तेव्हा त्यांनी अंगठा उचलला.

"साखळीपासून पुढचं राहिलंय," ते म्हणाले. "मार्चात जमेल काय? आपण दोघंच."

मी म्हटलं, "आधी घाटाचं राहिलंय, सर. निम्माच उतरलाय तुम्ही."