पणजीबाईसाहेबांचं तैलचित्र पुन्हा रंगवून घेताना

आमच्या वाड्याच्या दिवाणखान्यातलं पणजीबाईसाहेबांचं तैलचित्र वाटणीत थोरल्या काकांकडे राहिलं, ते बरंच झालं. ती भिंत सोडून ते दुसरीकडे शोभलंच नसतं. पण तो चेहरा मला माझ्या घरात रोज हवा होता, म्हणून हातानं रंगवलेली प्रतिकृती करून घ्यायचं ठरवलं. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या नामवंत चित्रकारांच्या कोल्हापुरात याला काय वेळ लागतोय, असं सगळेच म्हणाले.

पहिल्या ठिकाणी मोबाईलवरचा फोटो मागितला आणि ‘हँडपेंटेड’ म्हणून नमुना दाखवला. तो कॅनव्हासवरचा प्रिंट होता, वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले. ओळखायचं असेल तर बाजूनं टॉर्च मारून बघा. खऱ्या चित्रात ब्रश गालाच्या गोलाईबरोबर वळतो, कापडाच्या चुणीबरोबर खाली उतरतो. इथं सगळे फटकारे एकाच दिशेनं गेले होते, खालचं नाक कुठं आहे याची त्यांना खबर नव्हती. भिंगाखाली तर छपाईचे ठिपकेच दिसले.

मग ओळखीतून एका चित्रकार सरांकडे गेले. आयुष्यभर पोर्ट्रेट शिकवलेला माणूस. त्यांची पहिलीच अट होती, “मूळ चित्रापुढं बसू देणार असाल तर करतो. नुसत्या फोटोवरनं नाही.” फोटोत काळोख एकसारखा काळा होतो, केसांतला तपकिरी आणि पदराच्या सावलीतला हिरवा दोन्ही त्यात गडप होतात. इकडे काकांची अट, चित्र वाड्याबाहेर जाणार नाही. सर म्हणाले, “मीच येतो की.” उत्तरेच्या खिडकीचा उजेड बघून ते सकाळी बसायचे. एका काचेच्या तुकड्यावर रंग कालवून ती काच चित्राजवळ धरायचे, मूळ चित्राला हात न लावता. रंग जुळला की त्याचा ठिपका वहीत लावून शेजारी मिश्रण लिहायचे. यलो ऑकर, लाइट रेड, थोडा कोबाल्ट ब्लू. चेहऱ्यासाठी अशी पानंच्या पानं भरली.

एकदा काकांसमोर चौकट हळूच उतरवली तेव्हा कडेला झाकल्या गेलेल्या पट्टीत शालूचा लाल असा टवटवीत निघाला की काकी पुढं येऊन बघतच राहिल्या. बाकी चित्रावर जुनं व्हार्निश पिवळं पडलं होतं, समयांचा धूर बसला होता आणि लाल उडून विटकरी झाला होता. सरांनी विचारलं, “ताई, कुठलं चित्र हवंय? रंगवलं त्या दिवशीचं, की आजचं?”

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. प्रतिकृती करणाऱ्यानं तो स्वतःहून विचारला नाही, तर तुम्ही त्याला विचारा. लहानपणापासून मी पणजीबाईंना त्या पिवळ्या उजेडातच पाहिलं होतं, त्यामुळं मन आजच्या चित्राकडे ओढत होतं. पण सरांनी समजावलं की तैलरंगातलं जवसाचं तेल काळानुसार पिवळं पडतंच. आत्ताच पिवळं रंगवलं तर नातवंडांच्या हाती काळवंडलेलं चित्र जाईल. म्हणून त्या पट्टीच्या आधारानं त्या दिवशीचं चित्र करायचं ठरलं. मूळ चित्राला पडलेल्या भेगाही प्रतिकृतीत उतरवायच्या नाहीत. मूळ चित्र शाहू महाराजांच्या कारकिर्दीतलं, तेव्हा चित्रकार शिशाचा पांढरा वापरत. तो उबदार असतो. आजचा टायटॅनियम व्हाइट थंड आणि दाट, म्हणून त्यात कणभर ऑकर घालूनच सर तो वापरत होते.

कॅनव्हासवर चौकोन पाडून रेखाटन झालं, अंबर या मातकट तपकिरी रंगात अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा पहिला थर झाला, आणि काम अडलं ते गळ्यातल्या कोल्हापुरी साजावर. परंपरेनं साजाला २१ पानं, म्हणजे वेगवेगळ्या आकारांची छोटी पदकं. चित्रात मात्र जवळून बघाल तर नुसते ठिपके, लांबून बघाल तर सोनं. कुठला ठिपका कशाचा, हे कळल्याशिवाय सरांना ब्रश लावायचा नव्हता. मी गुजरीत एका जुन्या सराफांकडे मोठा केलेला फोटो घेऊन गेले. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, हा मासा, हे कासव, हा चंद्र, हे बेलपान, हा भुंगा. मला वाटलं, आता एकेक पान स्पष्ट येणार. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा ठिपकेच दिले, पण आता प्रत्येक ठिपका आपापल्या पानाच्या अंगानं वळलेला. “मूळ चित्रकारानं जेवढं सांगितलंय, त्याच्यापुढं मी बोलायचं नाही,” असं त्यांचं म्हणणं. सोनेरी रंगाला तर त्यांनी हातच लावला नाही. ऑकर, अंबर आणि टोकाला पांढऱ्याचा एक स्पर्श, एवढ्यावर सोनं झळकतं.

बाकीचं थोडक्यात. प्रतिकृती मूळ मापापेक्षा मुद्दाम लहान ठेवली, कोपऱ्यातली मूळ सही उतरवली नाही, आणि मागं ‘प्रतिकृती’ असं लिहून सरांचं नाव व साल घातलं. उद्या कुणी अस्सल म्हणून विकू नये म्हणून. चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, तो काळ आमच्या चित्राबाबत कधीच उलटला आहे. पैसे नुसत्या मापावर ठरत नाहीत, हात आणि दागिने किती आहेत त्यावरही ठरतात. आणि वाळायला वेळ द्या. तैलरंगाचं शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभरानंतरच, त्यात आपला पावसाळा मध्ये येतो. ओल धरणाऱ्या भिंतीवर तर लावूच नका.

चौकट उतरवली तेव्हा मूळ कॅनव्हासच्या मागं बुरशीही दिसली होती. काकांनी सरांनाच ती साफ करायला सांगितलं, पण सरांनी ठाम नकार दिला. ते काम संवर्धकाचं, म्हणजे जुनी चित्रं जपणाऱ्या तज्ज्ञाचं, चित्रकाराचं नव्हे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे. आता काका तिथं चौकशी करणार आहेत.