डाउनसाइड: एका आईचं उत्तर

अ‍ॅबर्डीनहून पश्चिमेला निघालं की डी नदी बराच वेळ डाव्या हाताला सोबत करते. बँकरी गेलं, अ‍ॅबॉइन आलं की नदी सोडून उत्तरेकडे वळायचं. थोड्याच वेळात टार्लंड लागतं. ग्रॅनाइटची करडी घरं आणि मधोमध चौक असलेलं हे छोटंसं गाव. पर्यटकांची रांग सरळ बालमोरलच्या राजवाड्याकडे जाते. मला मात्र टार्लंडजवळचं डाउनसाइड हाउसच पाहायचं होतं, कारण या स्कॉटिश घराला पैसा पुरवला तो कानपूरने.

लाल इमलीचं ब्लँकेट आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. ती कानपूरची लोकरीची गिरणी ज्याने भरभराटीला आणली, तो अलेक्झांडर मॅकरॉबर्ट अ‍ॅबर्डीनचा. बाराव्या वर्षी शाळा सोडून कागदाच्या कारखान्यात झाडलोट करायला लागलेला हा मुलगा 1884 मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढे ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशनचा संस्थापक झाला. 1922 मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला आणि त्याच वर्षी तो वारला. मागे राहिली पत्नी रेचेल आणि तीन लहान मुलगे: अ‍ॅलस्डेर, रॉडरिक, इयान. रेचेल मूळची अमेरिकन, भूगर्भशास्त्रज्ञ. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने 1919 मध्ये प्रथमच बायकांना फेलो करून घेतलं, त्यांत ती होती.

थोरला अ‍ॅलस्डेर 1938 मध्ये लूटनजवळ विमान अपघातात गेला. तेव्हा युद्ध नव्हतं. धाकटे दोघे रॉयल एअर फोर्समध्ये होते. 22 मे 1941 ला रॉडरिक इराकमध्ये मोसुलच्या विमानतळावर हल्ला करताना हरिकेन विमानासह पडला. इराकमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या रशीद अलीच्या बंडाला मदत करायला जर्मन विमानं तिथे उतरली होती. त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते. 30 जूनला इयान उत्तर समुद्रावर गेला, तो पाण्यात उतरलेल्या एका बॉम्बरच्या माणसांना शोधायला. तो परत आलाच नाही. रॉडरिक सव्वीस वर्षांचा, इयान चोवीसचा. वडिलांचा किताब तिघा भावांकडे एकामागून एक आला आणि इयानबरोबर संपला.

घरामागची हिरवळ उतरत जाते आणि एका ठिकाणी ती संपते की दरीच सुरू होते, हे कळतच नाही. समोर क्रोमारचं खोरं, शेतांचे चौकोन, पलीकडे डोंगर. गुलाबाच्या वाफ्यांपाशी एक माळी गुडघे टेकून तण काढत होता. मी मुलांबद्दल विचारलं तेव्हा हातमोजे काढून उभा राहिला आणि सगळ्यांत आधी त्यांच्या आईबद्दल बोलला. इथे सगळे तिला अजून ‘लेडी मॅकरॉबर्ट’च म्हणतात.

इयान गेल्यावर त्या बाईंनी हवाई खात्याच्या मंत्र्यांना पत्र लिहिलं आणि एका बॉम्बरसाठी 25,000 पौंड दिले. दहा मुलगे असते तरी ते सगळे याच वाटेने गेले असते, असं त्या पत्रात आहे. चार इंजिनांच्या त्या स्टर्लिंग विमानावर घराण्याचं चिन्ह रंगवलं आणि नाव दिलं ‘मॅकरॉबर्ट्स रिप्लाय’, म्हणजे मॅकरॉबर्टचं उत्तर. पुढे आणखी 20,000 पौंड चार हरिकेन विमानांसाठी. तिघांना मुलांची नावं. चौथं रशियाला सलाम म्हणून.

बाईंच्या धीरापुढे मी हात जोडते. तरीही डाउनसाइडच्या त्या हिरवळीवर बसून मला दोन गोष्टी विसरता येईनात. एक, या पैशामागे कानपूरच्या मागांवर राबलेले हजारो हात होते आणि त्यांचं नाव कुठल्याच विमानावर नाही. दुसरी, त्याच नावाचं दुसरं स्टर्लिंग मे 1942 मध्ये डेन्मार्कमध्ये मिडलफार्टजवळ कोसळलं. त्यातला एकच जण वाचला. बाकीच्यांच्याही आया होत्याच की. त्यांच्याकडे देणगी द्यायला पैसे नव्हते आणि त्यांचं उत्तर कोणी विमानावर रंगवलं नाही.

म्हणूनच मला बाईंचं दुसरं काम अधिक मोठं वाटतं. टार्लंडजवळचं आपलं आणखी एक घर त्यांनी वैमानिकांना विश्रांतीसाठी खुलं केलं आणि 1943 मध्ये विश्वस्त निधी उभारला. तो आजही चालतो. डाउनसाइडही त्याच्याच ताब्यात आहे आणि आता तिथे हॉटेल आहे. दमलेल्या परक्या पोरांना आपल्या घरात चार दिवस शांत झोप मिळावी, ही इच्छा मला विमानांपेक्षा अस्सल आईची वाटते.

रॉडरिकचं दफन मोसुलमध्ये झालं. इयानला कबर नाही. त्याचं नाव विंडसरजवळ रनीमीडच्या स्मारकावर आहे, ज्यांचे देह मिळाले नाहीत अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांबरोबर. लंडनहून तिथे अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. पुढच्या लेखात तिथलं सविस्तर लिहीन.