ओकमाँट २०२१: पहिल्या ग्रीनवर बॉल थांबला!!

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला ओकमाँट हा गोल्फ कोर्स २०२१ मध्ये होता तसा मी सिम्युलेटरसाठी बनवतोय, आणि काल रात्री पावणेदोनला त्याच्या पहिल्या ग्रीनवर (खड्ड्याभोवतीचं एकदम बारीक कापलेलं गवत) बॉल थांबला. पिनच्या (खड्ड्यातल्या झेंड्याच्या काठीच्या) पुढे सहाएक फूट गेला, हळू झाला आणि थांबला. तोच पट (ग्रीनवरचा हलका फटका) मी आणखी वीस वेळा मारला, वीसही वेळा थांबला. मागच्या अपडेटनंतरचे पाच आठवडे या एकाच ग्रीनवर गेलेत त्यामुळे बाकीच्या होल्सबद्दल आज फार काही नाहीये.

आधी दोघांनी विचारलेलं ते, २०२५ च्या यूएस ओपनचा ओकमाँट का नाही करत. माझ्याकडचा लायडार (विमानातून लेझरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा डेटा) २०२३ च्या आधीचा आहे, म्हणजे कोर्स आर्किटेक्ट गिल हान्सने कोर्सवर काम करायच्या आधीची जमीन, त्यावर नवे बंकर (वाळूचे खड्डे) चढवले तर धड जुना कोर्स नाही धड नवा नाही. आणि मला २०२१ ची यूएस अमॅच्युअर (हौशी गोल्फर्सची स्पर्धा) हवी आहे. ३१२ प्लेअर, ३६ होल स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजून), त्यातून ६४ मॅच प्लेला (दोघांत एकेक होल जिंकत) आणि शेवटी ३६ होलची फायनल. फायनलमध्ये जेम्स पायट नऊ होल बाकी असताना ऑस्टिन ग्रीसरच्या ३ होल मागे होता, तिथून त्याने १० ते १३ असे सलग चार होल घेतले आणि सतराव्यावर २ अँड १ ने (२ होल पुढे, १ बाकी) मॅच संपवली. ते शेवटचे नऊ होल सिम्युलेटरवर त्याच जमिनीवर खेळता यावेत एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. आणि यातली १० आणि १२ ची ग्रीन्स पहिल्यासारखीच पुढून मागे उतरतात, प्लेअरपासून लांब. म्हणजे पहिलं सुटलं नसतं तर ती दोन्ही पण गेलीच होती.

तर प्रॉब्लेम असा होता की स्टिम्प (ग्रीन किती फास्ट आहे त्याचा आकडा, ठरलेल्या वेगाने सोडलेला बॉल किती फूट जातो तो) १४ ठेवला की पहिल्या ग्रीनवर बॉल थांबायचाच नाही, मागच्या रफमध्ये (लांब गवतात) जाऊनच बसायचा. मला वाटलं इंजिनच ग्रीन जास्त फास्ट करतंय. म्हणून स्टिम्पमीटरची टेस्ट गेममध्येच केली, बॉल १.८३ मीटर प्रति सेकंदाने सोडायचा, म्हणजे खऱ्या पट्टीवरून साधारण २० अंशाला सुटतो तेवढाच वेग, आणि अंतर मोजायचं. (एडवर्ड स्टिम्पसनला हे यंत्र सुचलं ते १९३५ ची यूएस ओपन बघून, आणि ती ओकमाँटलाच होती, म्हणून मला ही टेस्ट याच कोर्सवर करायला वेगळाच आनंद होतो.) उताराकडे ३० फूट, चढाकडे ९ फूट, सरासरी साडेएकोणीस. बघा, फास्टच आहे, असं म्हणून मी वेग खाली आणला. तर सपाट ग्रीन्स पार मेली, बॉल चिखलात मारल्यासारखा, आणि पहिल्यावर तरीही थांबेना.

दोन आठवडे यात गेल्यावर लक्षात आलं की उतारावर साधी सरासरी चालतच नाही. ब्रेड (Brede) यांचा फॉर्म्युला आहे त्यासाठी, दोन्ही अंतरांचा गुणाकार दुप्पट करायचा आणि त्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. ३० आणि ९ टाकले तर ५४० भागिले ३९, जवळपास १४! स्टिम्प पहिल्यापासून बरोबर होता, चूक जमिनीत होती.

मग उलटं गणित केलं. स्टिम्प १४ ला बॉलचा वेग जितका कमी होत जातो त्यावरून साडेपाच-पावणेसहा टक्क्यांच्या पुढच्या उतारावर बॉल थांबूच शकत नाही. आणि मी वापरत होतो लायडारचा १ मीटरचा तयार ग्रिड (दर चौकोनाला एकच उंची). लायडारची उंचीतली चूक १० सेंटिमीटरपर्यंत चालते असं त्याचं स्टँडर्डच सांगतं, आता शेजारशेजारच्या दोन चौकोनांत ५ सेंटिमीटरचा जरी फरक पडला तरी ५ टक्के उतार फुकटचा वाढला. खरा उतार अधिक हा खोटा उतार, थांबणार कसा तो?

स्मूदिंग करून झालं होतं आधीच. कमी केलं तर टेंगळं राहतात, जास्त केलं तर ग्रीनची कड बाजूच्या बंकरमध्ये वितळते आणि मूळचा उतारच मरतो, तो मेला तर ओकमाँट करायचा कशाला. शेवटी तयार ग्रिड फेकून कच्चा पॉइंट क्लाउड (लेझरने मोजलेले सुटे बिंदू) घेतला, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रीनची सीमा आखली, फक्त आतले ग्राउंड पॉइंट ठेवले आणि त्यावर स्प्लाइनचा (गुळगुळीत वक्राचा) एकच पृष्ठभाग बसवला. बाहेरचा एकही पॉइंट नाही. कड धारदार राहिली, टेंगळं गेली, उतार जिवंत राहिला! क्लाउडकंपेअर ज्यांनी अजून वापरलं नसेल त्यांनी आजच घ्या, फुकट आहे आणि पॉइंट बघायला त्याच्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. आणि एक कळकळीने सांगतो, पैसे देऊन मिळणाऱ्या तयार हाइटमॅपच्या (उंचीच्या नकाशाच्या) नादी लागू नका, मी घेतलेल्या फाइलमध्ये ग्रीन्स आधीच इतकी स्मूद केलेली होती की बाराव्याचा उतार अर्धा पण उरला नव्हता.

छोटी गोष्ट, टर्नपाइकचा (कोर्समधून जाणाऱ्या हायवेचा) खड्डा पण नीट बसला. २ ते ८ होल रस्त्याच्या पलीकडे आहेत आणि ग्राउंड डेटात पूल काढून टाकलेले असतात, ते ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वेगळे केले. पहिलं ग्रीन संपवून पुलावरून दुसऱ्याकडे जाताना खाली हायवे दिसतो आता, मी तिथे उगाचच दोन मिनिटं थांबतो.

चर्च प्यूज नावाचा बंकर अजून बाकी आहे. बारा गवताचे बांध, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, १ मीटरच्या ग्रिडमध्ये त्यांचा नुसता लगदा होतो म्हणून फोटो बघून हाताने करायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की कच्च्या पॉइंटमध्ये प्रत्येक बांधाच्या माथ्यावर काही ना काही पॉइंट पडलेच असणार, चौरस मीटरला दोन तरी असतात, ते जोडून माथ्याची रेघ मिळाली तर बाराही बांध खऱ्या जागी बसतील. मग झाडांचं काम मागे टाकतो, तशीही ओकमाँटने हजारो झाडं कधीच काढून टाकलीयेत.

आत्ता फाइल उघडून बघितली. पहिल्या तीन बांधांचे माथे स्पष्ट दिसतायत, चौथ्यावर पॉइंट विरळ आहेत. आज रात्री तेवढंच, दहावं ग्रीन उद्या.