बाकावरचा तो पोरगा

आइस हॉकीचा सामना, तिसरं म्हणजे शेवटचं सत्र, एका गोलने मागे, आणि कोचने पुन्हा पहिली फळी (एकत्र उतरणारे तीन आक्रमक) मोडली!

काय जमलं होतं त्या तिघांचं! मधला आक्रमक, म्हणजे सेंटर, न बघता पास द्यायचा आणि डाव्या कडेचा विंगर तिथे आधीच पोचलेला असायचा. अशी समज एका रात्रीत येत नाही हो.

आणि तो नवा पोरगा. बाकाच्या टोकाला. दर बदलीला हेल्मेटचा पट्टा आवळायचा, अर्धवट उठायचा, परत बसायचा. बर्फावरची एक पाळी जेमतेम ४५ सेकंदांची, शेवटच्या सत्रात तीही नाही मिळाली त्याला.

एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये, एका सामन्यात दोन गोलरक्षक धरून २० जणच उतरवता येतात. त्यातली एक जागा नुसती बसवून ठेवायला? त्यापेक्षा खालच्या लीगमध्ये पाठवा, भरपूर खेळेल तरी.

त्या तिघांना सलग चार सामने एकत्र ठेवायला काय हरकत आहे?